सोलापूरहून परदेशी निघताना आरोग्याचे कागद: कुठून सुरुवात करायची, कुठे अडकायला होतं

परदेशी जायचं म्हटलं की आपल्याकडे सगळा घोर व्हिसाचा. व्हिसा आला की पेढे वाटून मोकळे. लस, दाखला, तपासणी यांची आठवण होते बॅगा भरताना, आणि तोवर एखाद्या गोष्टीची मुदत टळून गेलेली असते. कोरोनाच्या काळात लेकीकडे जर्मनीला जाण्यायेण्याच्या निमित्तानं हे सगळं मला शिकावं लागलं. तेव्हापासून ओळखीचे लोक विचारत असतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलवाला नैरोबीला निघालेला असतो, कुणाचे आईवडील उमराहला, कुणाची पोरगी लंडनला शिकायला. प्रत्येकाचं उत्तर निराळं असतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

"पण कोरोनाचे नियम गेले ना आता?" हा पहिला प्रश्न ठरलेला. होय, गेले. २०२० च्या मार्चमध्ये बंद झालेली नियमित आंतरराष्ट्रीय विमानं २७ मार्च २०२२ ला पुन्हा सुरू झाली. भारतात येताना भरावा लागणारा 'एअर सुविधा' फॉर्म २२ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला. पण पुढचं बघा. दीड महिन्याच्या आत, १ जानेवारी २०२३ पासून, चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंडहून येणाऱ्यांना तोच फॉर्म आणि आरटी-पीसीआर पुन्हा लागू झालं, आणि फेब्रुवारीत परत निघालं. नियम असे आठवड्यांत येतात-जातात. शिवाय कोरोनाच्या कितीतरी आधीपासूनचे काही नियम आजही जागच्या जागी आहेत, आणि सध्या लोक अडकतात ते त्यांच्यातच.

## १. नियम तुमच्या वाटेला लागतो

"केनियाला काय लागतं?" असं विचारून पुरं उत्तर मिळत नाही. चार गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात: पासपोर्ट कुठला, गेल्या काही दिवसांत कुठेकुठे होता, मध्ये विमान कुठे बदलणार, आणि कशासाठी किती दिवस चाललात.

केनियाचंच उदाहरण घ्या. पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला केनिया मागतो तो हा ताप असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे. भारत त्या यादीत नाही. म्हणजे मुंबईहून थेट नैरोबीला उतरलात तर त्यांच्या नियमानं तुमच्याकडे तो मागायचं कारण नाही. मग लोक समजतात, लस नको. पण परतताना तुम्ही केनियाहून भारतात येत असता, आणि दाखला मागतो आपलाच देश! जाताना कुणी अडवलं नाही म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस घरच्या दारात अडकतो.

दुसरं उदाहरण मधल्या विमानतळाचं. दक्षिण आफ्रिकेत पिवळा ताप नाही. पण जोहान्सबर्गचं स्वस्त तिकीट बऱ्याचदा अदिस अबाबावरून जातं, आणि इथिओपिया त्या यादीत आहे. तिथल्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलात, तर दक्षिण आफ्रिका दाखला मागते. दोन-तीन हजार रुपये वाचवायला लांब थांब्याचं तिकीट काढताना हे कुणी सांगत नाही.

## २. विचारायचं कुणाला

या क्रमानं विचारा:

१. ज्या देशात जायचंय त्याच्या वकिलातीचं किंवा आरोग्य खात्याचं संकेतस्थळ.
२. विमान कंपनी.
३. परतीच्या नियमांसाठी आपलं केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि मुंबईची विमानतळ आरोग्य संघटना.

विमान कंपनीला का, तर तुम्हाला खरं अडवणारा माणूस तिकडचा अधिकारी नसतो. तो मुंबईच्या चेक-इन काउंटरवर बसलेला असतो. चुकीच्या कागदांवर प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो आणि त्याला स्वखर्चानं परत आणावं लागतं, त्यामुळे ते लोक कडक. त्यांच्यासमोर 'टायमॅटिक' नावाची यंत्रणा उघडी असते. तुमचा पासपोर्ट, वाट आणि तारीख टाकली की काय लागतं ते त्यात दिसतं. तिथे जे लिहिलंय ते नसेल तर कितीही हुज्जत घाला, बोर्डिंग पास मिळत नाही. म्हणून विमान कंपनीला ईमेल करा, पूर्ण वाट लिहा, आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. फोनवरच्या "हो हो, चालेल"ला काउंटरवर काडीची किंमत नाही.

गावातला तिकीटवाला तिकिटासाठी ठीक आहे. लसीचा शेवटचा शब्द त्याचा धरू नका. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीवर तर नकोच, ती कोणत्या साली केलेली आहे हेच कळत नाही.

## ३. दिवस उलटे मोजा, आणि त्यात सोलापूर-मुंबई धरा

मुंबईच्या माणसाला ७२ तास म्हणजे ७२ तास. आपल्याला तेवढे मिळत नाहीत. आरटी-पीसीआरचा नियम होता तेव्हाचं गणित मांडून दाखवतो, कारण पुढे असा नियम कधी आला तर हेच करायचंय.

समजा विमान रविवारी पहाटे ३ चं. पहिली गफलत इथेच होते: रविवारचं तिकीट म्हणजे विमानतळावर जायचं शनिवारी रात्री. त्या ३ पासून ७२ तास मागे गेलं की गुरुवारची पहाट ३ येते. त्याआधी घेतलेला स्वॅब बाद. मग गुरुवारी सकाळी ९ ला स्वॅब, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत रिपोर्ट, शुक्रवारी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, शनिवारी सकाळी मुंबई, रात्री ११ ला विमानतळ. विमान सुटताना ६६ तास झालेले. हातात उरले सहा. विमान आठ तास उशिरा सुटलं, तर रिपोर्ट शिळा. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी चाचणी मुंबईतच करावी, असं मी तेव्हा सांगायचो. अमेरिकेनं तर डिसेंबर २०२१ मध्ये निघण्याच्या आदल्या दिवसाचीच चाचणी मागायला सुरुवात केली होती. ती सोलापुरात करून नेणं जवळपास अशक्यच होतं.

आणखी दोन गोष्टी अशा वेळी तपासायच्या. एक, तास कुठून मोजायचे. स्वॅब घेतल्यापासून की रिपोर्ट आल्यापासून? आणि कुठपर्यंत, पहिलं विमान सुटेपर्यंत, शेवटचं सुटेपर्यंत, की तिकडे उतरेपर्यंत? देशादेशांचं वेगळं असायचं. दोन, रिपोर्टवर स्वॅब घेतल्याची वेळ छापलेली आहे का. आमच्या शेजारच्यांना शहरातल्या एका लॅबनं दिलेल्या रिपोर्टवर नुसती तारीख होती, वेळ नव्हती. लॅबवाला म्हणाला, "तारीख आहे की." तारखेवरून तास मोजता येत नाहीत, हे पटवून दुसरा रिपोर्ट छापून घेईपर्यंत संध्याकाळ झाली, आणि स्टेशन गाठताना त्यांची जी धावपळ झाली ती विचारू नका.

आज लागू असलेल्या मुदती त्यामानानं सोप्या आहेत, फक्त लांब आहेत:

- पिवळा ताप: लस घेतल्यानंतर १० दिवसांनी दाखला लागू होतो.
- मेंदूज्वर, म्हणजे मेनिंजायटिस (हज-उमराह): सौदीत पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी.
- पोलिओ (ठरावीक देश): निघण्याच्या किमान ४ आठवडे आधी.

## ४. पिवळा ताप: सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात

आफ्रिकेतले आणि दक्षिण अमेरिकेतले बरेच देश या यादीत येतात. केनिया, युगांडा, नायजेरिया, घाना, इथिओपिया, काँगो, ब्राझील, पेरू ही त्यातली आपल्याकडच्या लोकांना लागणारी नावं. पूर्ण यादी दर वेळी नव्यानं बघा.

भारत याबाबत इतका कडक का, हे कळलं की नियमाचा राग येत नाही. हा आजार आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आहे, डेंगीवाला तोच. आणि सोलापुरात तर विचारूच नका. नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे घरोघरी बॅरल भरलेलं. एक आजारी माणूस आला, त्याला डास चावला, की पुढे गल्लीभर डास आणि लस न घेतलेली माणसं. म्हणून नियम असा: यादीतल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत, वैध दाखल्याविना भारतात उतरलात, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. तुम्ही भारतीय आहात, धडधाकट आहात, याचा संबंध नाही. सूट आहे ती अगदी लहान बाळांना.

काय करायचं:

केंद्र गाठा. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारनं नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते, नाहीतर दाखल्याला किंमत नाही. आपल्या लोकांना पुणे किंवा मुंबई धरावं लागतं. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना अशी दोन जुनी ठिकाणं आहेत. अधिकृत केंद्रांची यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. बहुतेक ठिकाणी ठरावीक वारी, आधी नाव नोंदवूनच लस देतात, कारण एका बाटलीत अनेक डोस असतात आणि बाटली फोडली की थोड्याच तासांत संपवावी लागते. म्हणून नोंदणी पक्की झाल्याशिवाय हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढू नका.

आधी आपल्या डॉक्टरांना भेटा. ही जिवंत लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, थायमस ग्रंथीचा आजार, गरोदरपण, स्तनपान, साठीच्या पुढचं वय, यातलं काही असेल तर लपवू नका. लहान बाळांनाही देत नाहीत. दुसरी एखादी जिवंत लस, उदाहरणार्थ कांजिण्यांची, नुकतीच घेतली असेल तर दोन्हींत चार आठवड्यांचं अंतर लागतं, किंवा दोन्ही एकाच दिवशी घ्याव्या लागतात. यावरून पुण्याहून रिकाम्या हातानं परत आलेली माणसं मला माहीत आहेत. लस घेताच येत नसेल तर डॉक्टरांचं सूटपत्र मिळतं. मात्र सूटपत्र म्हणजे लस नव्हे. परतल्यावर विलगीकरण टळेलच असं धरू नका.

पिवळं पुस्तक, म्हणजे लसीचा दाखला, हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा. नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, लस दिल्याची तारीख, लसीचा बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही, केंद्राचा गोल शिक्का. तुमची स्वतःची सहीही लागते, ती लोक विसरतात. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. पेनानं घरी खाडाखोड केलीत तर दाखला गेला.

मुदत. १ तारखेला लस घेतली तर दाखला ११ पासून लागू. पूर्वी तो १० वर्षं चालायचा. ११ जुलै २०१६ पासून जागतिक नियमांनुसार तो आयुष्यभर चालतो, जुन्या पुस्तकावर १० वर्षं लिहिलेलं असलं तरी. त्यामुळे "मुदत संपली, परत घ्या" असं कुणी म्हणालं तर आधी खात्री करा. आणि हे पुस्तक पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, फाइलच्या कपाटात नको.

"सुई न टोचता कार्ड करून देतो" म्हणणारे दलाल सगळीकडे आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. कार्ड खोटं निघालं तर विलगीकरण होईलच, वर गुन्हा. आणि खरोखरच ताप आला तर या आजारावर नेमकं औषध नाही.

## ५. हज, उमराह आणि पोलिओ

सौदीला मेंदूज्वराची एसीडब्ल्यूवाय लस लागते, हजला आणि उमराहलाही. लसीच्या प्रकारानुसार दाखला तीन किंवा पाच वर्षं चालतो, म्हणून प्रकार नीट लिहून घ्या. हज कमिटीतून जाणाऱ्यांची लस सरकारी व्यवस्थेतून होते. खासगी टूरनं उमराहला जाणाऱ्यांनी मात्र "टूरवाला बघेल" यावर राहू नये. दरसाल सौदीचं आरोग्य खातं नवी नियमावली काढतं, ती टूरवाल्याकडून मागून घ्या.

पोलिओचा नियम पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि वेळोवेळी यादीत येणाऱ्या इतर देशांसाठी. मोठ्या माणसांनाही डोस घ्यावा लागतो. दाखला एक वर्ष चालतो.

## ६. शिकायला किंवा कामाला चाललात तर

ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांना व्हिसाच्या अर्जासोबतच क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला लागतो. तोही ब्रिटन सरकारनं मान्य केलेल्या दवाखान्यातलाच. तुमच्या डॉक्टरांनी काढलेला एक्स-रे कितीही स्वच्छ असो, चालत नाही. दाखला सहा महिने चालतो. प्रवेश नक्की व्हायच्या आधी घाईनं काढला तर अर्ज करेपर्यंत संपतो.

आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांची तपासणी 'वाफिद' यंत्रणेतून होते; पूर्वी तिला लोक गामका म्हणायचे, अजूनही म्हणतात. ऑनलाइन नोंदणी करून ठरलेल्या केंद्रातच जावं लागतं. त्यात जुना बरा झालेला क्षयही छातीच्या फोटोत डाग म्हणून दिसतो आणि माणूस नापास होऊ शकतो. घरात कुणाला तसं झालं असेल तर एजंटला पैसे देण्याआधी आपल्याकडच्या छातीच्या डॉक्टरांना फोटो दाखवा.

## ७. नाव: सोलापूरकरांची खास अडचण

आपल्या गावात आधी आडनाव लिहायची सवय आहे, आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तर ती पक्की. आधारवर आडनाव पुढे, शाळेच्या दाखल्यावर मधे वडिलांचं नाव, लसीच्या कागदावर नुसती आद्याक्षरं. पासपोर्टवर मात्र आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. बाहेरच्या अधिकाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याला दोन कागदांवर दोन माणसं दिसतात.

उपाय एकच: लस, तपासणी, लॅब, विमा, सगळीकडे पासपोर्ट पुढे करायचा आणि त्याप्रमाणेच अक्षर न् अक्षर लिहून घ्यायचं. "आधार दिलंय ना" म्हणून गप्प बसायचं नाही. जन्मतारीखही पूर्ण हवी. २०२१ मध्ये ब्रिटननं कोविशिल्ड मान्य केली तरी भारताचं प्रमाणपत्र मानायला खळखळ केली होती, तेव्हा कोविनच्या कागदावर पूर्ण जन्मतारीख नव्हती. परदेशी जाणाऱ्यांसाठी ती पुढे छापली जाऊ लागली, आणि त्या ऑक्टोबरच्या ११ तारखेपासून लसवंत भारतीयांचं तिथलं विलगीकरण सुटलं.

ती कोविनची पीडीएफ मोबाइलमध्ये असेल तर पुसू नका. जागा किती खाते ती!

## ८. ऑनलाइन फॉर्म

विमानात मिळणाऱ्या कागदी कार्डाऐवजी आता बऱ्याच देशांत ऑनलाइन फॉर्म आलेत. सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड, तिघांचेही उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असतात. सिंगापूरच्या फॉर्ममध्ये तब्येतीचे प्रश्नही असतात. तिन्ही फुकट आहेत. पण शोधलं की वर जाहिरातीत दिसतात त्या पैसे घेणाऱ्या साइट, अगदी सरकारी वाटतील अशा. पैसे मागितले की समजा, चुकीच्या दारात उभे आहात. तसंच फॉर्म म्हणजे व्हिसा नव्हे, दोन्ही वेगळे.

## ९. हँडबॅगेत काय

सामानाच्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत:

- पासपोर्ट, आणि जुना असेल तर तोही
- लसीचं पिवळं पुस्तक (मूळ प्रत; फोटो चालत नाही)
- इतर लसींचे आणि तपासण्यांचे दाखले, इंग्रजीत
- प्रवास विमा; युरोपच्या शेंगेन देशांसाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं
- विमान कंपनीचं ईमेल उत्तर, छापील
- औषधं मूळ वेष्टनात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. त्यावर औषधाचं मूळ रासायनिक नाव हवं
- या सगळ्याची एक झेरॉक्स, वेगळ्या बॅगेत

औषधांबद्दल एक ताकीद. दुबई-अबूधाबीला ट्रामाडॉल, कोडीन असलेली औषधं परवानगीशिवाय नेता येत नाहीत. आपल्याकडे खोकल्याच्या औषधातही कोडीन असतं, त्यामुळे बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा.

आणि खायचं. सोलापूरकराच्या बॅगेत शेंगा चटणी आणि कडक भाकरी असणारच, नसली तर सासर-माहेर दोन्ही रागावतं. ऑस्ट्रेलियात उतरताना हे सगळं कार्डावर जाहीर करावं लागतं. जाहीर केलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर मोठा दंड. युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि घरचं तूप इथेच ठेवा. चटणी जाते.

## १०. परतल्यावर

बोर्डिंग पास लगेच फेकू नका. कुठून, कधी निघालात याचा तोच पुरावा, आणि आरोग्य काउंटरवर विचारतात ते हेच. आफ्रिकेतून आला असाल तर पिवळं पुस्तक इमिग्रेशनच्या आधीच हातात काढून ठेवा. रांगेत बॅगा उपसणाऱ्यांकडे मागची माणसं कशी बघतात ते मी पाहिलंय.

पुढचे काही आठवडे, आफ्रिकेहून आलेल्यांनी तर दोन-तीन महिने, ताप आला तर अंगावर काढू नका. सिव्हिलला जा किंवा आपल्या डॉक्टरांकडे, पण खुर्चीत बसल्याबसल्या आधी देशाचं नाव सांगा, मग ताप किती आहे ते. आफ्रिकेतला मलेरिया आपल्याकडच्यापेक्षा झपाट्यानं बिघडतो, आणि डॉक्टरांना प्रवास माहीत नसेल तर पहिले दोन दिवस व्हायरल म्हणूनच जातात. निघण्यापूर्वी मलेरियाच्या गोळ्या दिल्या असतील तर परतल्यावरही सांगितलेत तितके दिवस त्या घ्यायच्या असतात. घरी पोचलो म्हणून पाकीट अर्धवट सोडू नका.